दिवसाची मोकळी जागा

पत्र वाचून योगराज बोरसेच्या हातून कप निसटला, असलं काही झालं नाही. मुळात हातात कप नव्हताच. सुरतेजवळच्या सचिन गावातल्या प्रोसेसिंग मिलच्या टाइम ऑफिसात गुरुवारी दुपारच्या पाळीची हजेरी उतरवून तो निवांत बसला होता, डबा खाऊन झाला होता, दाढेत अडकलेली मेथीची काडी जिभेनं काढायचा उद्योग चालला होता, आणि मोबाइलवर आलेली चार पानं त्यानं सवयीप्रमाणे आधी वरची तारीख, मग खालची सही अशा क्रमानं बघितली. चोवीस वर्षं फौजेत क्लार्की केलेला माणूस कागद असाच वाचतो. मधला मजकूर त्याच्या लेखी शेवटी येतो. सही पल्लवीची होती. ही पल्लवी म्हणजे त्याच्या शेवटच्या युनिटमधली मिलिटरी पोलिसातली लान्स नाईक, कडोदऱ्याच्या एका लूम कामगाराची मुलगी. चार वर्षांपूर्वी तिच्या बाबतीत जे घडायचं ते घडलं, ती फौज सोडून घरी आली, आणि पुढं वर्षभरात योगराजही पेन्शनीत निघाला. पानांसोबत तिचा निरोप होता. दिल्लीला एक समिती बसली आहे. फौजेत बाईवर अत्याचार झाला तर तपास आणि निर्णय तिच्याच कमांडिंग ऑफिसरच्या हातात असावा, की त्या युनिटशी काही घेणंदेणं नसलेल्या बाहेरच्या माणसाच्या, यावर समितीनं लोकांचं म्हणणं मागवलं आहे. मी माझं लिहिलंय, सोमवारी पाठवायचंय. तुम्ही तारखा तेवढ्या बघून द्या काका, तारखांचं तुमच्याइतकं कुणाला कळत नाही. हे वाचून योगराजला बरं वाटलं, खोटं कशाला बोला. मग त्यानं दुसरं पान मोठं करून वाचलं. ‘प्रसंग शनिवारी, बारा मार्चला घडला. तक्रार मी तेरा दिवसांनी, पंचवीस मार्चला दिली. एवढा उशीर का केला ते मला आजही सांगता येत नाही. हेड क्लार्कच्या खिडकीपाशी मी रोज जाऊन उभी राहायचे, एवढं आठवतं. पत्र बहुतेक हातातच असेल, द्यायचा धीर होत नसेल. माझी समितीला विनंती आहे की उशीर झाला म्हणून मुलीला खोटी ठरवू नये.’ योगराजनं ते पुन्हा वाचलं. मेथीची काडी निघाली होती, जिभेला आता काही काम नव्हतं. त्याच्या अंगठ्यानं आपल्याआपण ‘तारखा बरोबर आहेत’ असं टाइप केलं आणि पाठवायच्या बाणावर येऊन तो थांबला, बराच वेळ तिथंच थांबला. कारण पत्र तिच्या हातात नव्हतं. ते त्याच्या टेबलाच्या खणात होतं.

फौजेतल्या पत्रांची एक रीत आहे. महिना आणि वर्ष टाइप करायचं, पण दिवसाची जागा मोकळी सोडायची. पत्र आज लिहिलं तरी साहेबांची सही उद्या होणार, परवा ते निघणार; म्हणून ज्या दिवशी ते खरोखर हललं त्या दिवसाचा आकडा क्लार्कनं शाईनं हातानं भरायचा. बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटतं. योगराजला ते इतकं अंगवळणी पडलं होतं की धाकट्या भावाच्या लग्नाची पत्रिका छापायला दिली तेव्हाही त्यानं कच्च्या मसुद्यात दिवस सोडून दिला होता, आणि त्यावरून भावानं त्याची वर्षभर थट्टा केली. पल्लवीला ही रीत त्यानंच शिकवली होती. त्या उत्तरेकडच्या छावणीत मराठी बोलणारी तीच दोघं, त्यात सुरतेची. पहिल्या आठवड्यातच ती खिडकीत येऊन म्हणाली होती की तुम्ही डिंडोलीचे आणि मी कडोदऱ्याची, म्हणजे तुम्ही माझे काकाच. तो हसला होता. कोरडेपणा हा हेड क्लार्कचा गणवेशच असतो, पण तिच्यापुढं तो त्याला नीट घालता यायचा नाही. सुट्टीवर निघाली की तो तिच्याकडं घरी द्यायला अक्रोडाची पिशवी द्यायचा, आणि ती पिशवी पोचवून, त्याच्या बायकोच्या, भागीरथीच्या हातची कळण्याची भाकरी खाऊन, मग पुढं कडोदऱ्याला जायची. तेव्हा चौदा मार्चला, सोमवारी, सकाळी साडेनऊला ती टोपी काखेत धरून खिडकीत आली, तिनं दुहेरी घडी घातलेला कागद आत सरकवला, आणि त्यानं तो उघडला, तेव्हा पहिल्यांदा त्याच्या डोळ्यात काय भरलं असेल तर हे, की पोरीनं दिवसाची जागा बरोबर मोकळी सोडली आहे. नंतर त्यानं मजकूर वाचला. सुभेदाराचं नाव वाचलं. स्टोअरच्या मागची खोली, वेळ, आतून लावलेली कडी, सगळं साध्या वाक्यांत लिहिलं होतं, रजेचा अर्ज लिहावा तसं. त्यानं वर बघितलं तेव्हा ती भिंतीवरच्या ड्युटी चार्टकडं बघत होती. तो म्हणाला, ठीक आहे, साहेबांपुढं ठेवतो.

आणि ठेवलं. हे मात्र त्यानं लगेच केलं, दहा मिनिटांत, डाकेच्या फोल्डरमध्ये सगळ्यात वर. कमांडिंग ऑफिसर साहेबांनी ते उभ्यानं वाचलं, मग खुर्चीत बसून वाचलं, मग चष्मा काढून टेबलावर ठेवला. साहेब वाईट नव्हते. गेल्या चार वर्षांत योगराजनं या एका वाक्याशी जितकी झटापट केली तितकी दुसऱ्या कशाशीच केली नव्हती. साहेब वाईट असते तर काम सोपं झालं असतं. वाईट माणसाचं ऐकलं याची लाज बाळगता येते, तिच्याशी जुळवून घेता येतं. पण याच साहेबांनी एका स्वयंपाक्याच्या पोराच्या हृदयाच्या ऑपरेशनसाठी तीन दिवस दिल्लीला फोन लावत बसून काढले होते, आणि योगराजचे वडील गेले तेव्हा विमानाचं तिकीट स्वतः काढून दिलं होतं. ते युनिटला घर म्हणायचे आणि तसंच वागायचे. घोटाळा तिथंच होता. सुभेदार त्याच घरातला जुना माणूस. हे साहेब कॅप्टन असताना दोघांनी बर्फात एका तंबूत तीन महिने काढलेले. साहेबांनी पत्राची घडी घालून ते त्याच्याकडं सरकवलं आणि म्हणाले, “बाबूजी, अभी नंबर मत डालिए. होली हो जाने दीजिए, फिर देखते हैं.” एवढंच. लेखी काही नाही, धमकी नाही, आवाजही चढला नाही. योगराजनं पत्र परत आणलं. डाक रजिस्टरमध्ये आवक नंबर टाकला असता तर ते पत्र अस्तित्वात आलं असतं. नंबर नाही म्हणजे पत्र नाही. त्यानं ते खणात ठेवलं, खणाला कुलूप लावलं, आणि दुसऱ्या दिवशी ती खिडकीत आली तेव्हा म्हणाला, चालू आहे. तिसऱ्या दिवशीही म्हणाला, चालू आहे. होळीच्या बड्या खान्याला, सगळ्या युनिटच्या एकत्र जेवणाला, सुभेदार गुलालाचं ताट घेऊन एकेकापाशी गेला, त्याच्यापाशीही आला, आणि योगराजनं कपाळ पुढं केलं. का केलं? सगळे करत होते. मैदानाच्या पलीकडच्या कडेला मुलींच्या बराकीपुढं पल्लवी एकटी कोरड्या कपड्यांत उभी होती, तिला रंग लावायला कुणी गेलं नव्हतं. तो गुलाल धुतला तरी दोन दिवस केसांच्या मुळाशी राहिला होता आणि दाढी करताना त्याला आरशात दिसायचा.

पाच वाजता मिलमधून सुटल्यावर तो मोटरसायकलनं डिंडोलीला आला तेव्हा भागीरथी ओट्यावर गवारीच्या शेंगा मोडत बसली होती. नवऱ्याचा चेहरा तिला रजिस्टरसारखा वाचता यायचा, फक्त ती ते बोलून दाखवायची नाही. तिनं चहा ठेवला, तो प्याला नाही, तेव्हा मात्र म्हणाली, “काय व्हयनं? च्या थंडा व्हई गया.” त्यानं मोबाइल तिच्या हातात दिला. तिनं चारही पानं सावकाश वाचली, ओठ हलवत, आणि दुसऱ्या पानावर थांबली. तिला खरी गोष्ट ठाऊक होती, कारण चार वर्षांपूर्वी सुट्टीवर आल्यावर त्यानं ती तिला एकदा सांगितली होती, आणि मग दोघांनी मिळून तोंडात मिठाची गुळणी धरली होती. तिनं आधी विचारलं ते सोनालीचं. सोनाली म्हणजे त्यांची एकोणीस वर्षांची मुलगी, मिलिटरी पोलिसांच्याच मुलींच्या भरतीला बसलेली. लेखी परीक्षा पास झाली होती आणि मैदानी चाचणीला सतरा दिवस राहिले होते. बापानं रजिस्टरमध्ये खोटी तारीख घातली हे बापानंच सही करून दिल्लीला कळवलं तर पोरीच्या कागदावर त्याची सावली पडणार नाही, याची खात्री कोण देणार? रिटायर माणसालाही बोलावून जाब विचारता येतो, हे योगराजला कुणी सांगायची गरज नव्हती. तसले कागद त्यानं स्वतः टाइप केले होते. भागीरथी म्हणाली, “आते गप्प ऱ्हावा. पोरनी भरती तोंडवर शे.” मग शेंगांची परात घेऊन ती आत गेली, आतून काही वेळ भांड्यांचा आवाज आला, आणि परत दारात येऊन उभी राहिली. तिचा चेहरा कसातरीच झाला होता. “ती पोर आपला घर जेवेल शे,” ती म्हणाली. या दोन वाक्यांमधून वाट कशी काढायची हे तिनं सांगितलं नाही, आणि त्यानंही विचारलं नाही.

शुक्रवार गेला, शनिवार गेला. मिलमधल्या डाईंगच्या वाफेचा उग्र वास सवयीनं एरवी त्याच्या नाकाला कळायचाही नाही, तो या दोन दिवसांत कळत होता. हजेरीच्या पानावर शनिवारची तारीख घालण्याआधी त्यानं ती दोनदा कॅलेंडरवर तपासली. इतकी वर्षं तो स्वतःला एक गोष्ट समजावत आला होता, आणि ती गोष्ट अशी होती की आपण खोटं बोललोच नाही. पंचवीस तारखेला मुख्यालयातून कुणा बाई अधिकाऱ्याचा फोन आला, कुठून तरी तिथं कुणकुण पोचली होती, आणि साहेब घाईनं म्हणाले की ते पत्र आज चढवा. त्यानं खण उघडला, दिवसाच्या मोकळ्या जागेत आपल्या सुबक हातानं २५ लिहिलं, रजिस्टरमध्ये पुढचा नंबर टाकला. पत्र हललं त्या दिवसाची तारीख घालायची, ही तर रीतच. त्यात कुणाचं काही बिघडेल असं त्याच्या मनातही आलं नव्हतं, उलट प्रकरण मार्गी लागलं म्हणून त्यानं सुटकेचा निःश्वास टाकला होता. मग सुनावणी झाली. फौजेत आरोपीवरचा आरोप आधी कमांडिंग ऑफिसर ऐकतो. तथ्य वाटलं तर पुढं पाठवायचा, नाही तर तिथंच निकालात काढायचा. आणि आरोपीला साक्षीदाराला स्वतः प्रश्न विचारायची मुभा असते. सुभेदारानं पल्लवीला एकच प्रश्न विचारला, अगदी नम्रपणे, हात पाठीमागं बांधून. तेरा दिवस आपण काय करत होता? ती म्हणाली, मी पत्र दोन दिवसांतच दिलं होतं. साहेबांनी मान वळवून हेड क्लार्ककडं बघितलं. त्या नजरेत हुकूम नव्हता. असलीच तर थोडी विनवणी होती, घरातल्या वडीलधाऱ्यानं करावी तशी. योगराज उभा राहिला, रजिस्टर उघडलं, आणि म्हणाला, “रजिस्टर में पच्चीस है, साहब.” यातला एक शब्दही खोटा नव्हता. रजिस्टरमध्ये पंचवीसच होतं. पल्लवी पुढं वाकली, तिनं ते पान बघितलं, आपलं पत्र बघितलं, त्यावरचा २५ बघितला. त्या दिवसांत तिला झोप नव्हती, डॉक्टरच्या गोळ्या चालू होत्या. मग तिनं योगराजकडं बघितलं. तिथं राग असता तर तो त्याला पेलला असता, पण तिच्या डोळ्यात राग नव्हता, विचारणं होतं. रस्ता चुकलेलं माणूस ओळखीच्या माणसाला विचारतं तसं. तो खाली बघून पान सरळ करू लागला, पान सरळच होतं. आणि त्याला ऐकू आलं, ती हळूच म्हणाली, मग मीच चुकले असेन. ते वाक्य त्यानंच टाइप केलं. तिची सहीही त्यानंच घेतली. आरोप निकालात निघाला, सुभेदाराची बदली झाली, साहेब त्या संध्याकाळी म्हणाले की घरातली गोष्ट घरातच मिटली, आणि ते अगदी मनापासून बोलत होते.

इतके दिवस त्याला वाटत होतं की तिला खरं माहीत आहे. तिला माहीत आहे, आपल्याला माहीत आहे, आणि ती आपल्याला मनातल्या मनात शिव्या घालत कडोदऱ्याला राहते आहे. यात एक प्रकारचा हिशेब चुकता होत होता, आणि त्याच्या आधारावर तो जेवत होता, झोपत होता, दर दिवाळीला तिला मोबाइलवर शुभेच्छा पाठवत होता आणि तिच्या शुभेच्छा आल्या की चकित होत होता. आता कळलं की तिनं शिव्या घातल्याच नाहीत. तिच्या डोक्यातून त्यानं एक सोमवार काढून घेतला होता, आणि तिथल्या खड्ड्यात तिनं स्वतःची भीती भरून घेतली होती, आणि आता ती खोटी भीती सही करून समितीला पाठवणार होती. इतरांच्या मुलींचं भलं व्हावं म्हणून. योगराजला शनिवारी दुपारी टाइम ऑफिसात बसल्या बसल्या रडू आलं. त्यानं ते गेटपासच्या गठ्ठ्यामागं उरकलं.

रविवारी सकाळी सहाला तो नेहमीसारखा सोनालीबरोबर कॅनॉलच्या रस्त्यावर गेला. ती पळायची आणि तो तिच्या मोबाइलवर वेळ लावायचा. सोळाशे मीटरच्या खुणा त्यानं स्वतः चालून, पावलं मोजून, विजेच्या खांबांवर खडूनं केल्या होत्या. पोरगी पळायची छान. घरात अहिराणी, मैत्रिणींत गुजराती, आणि पळून आल्यावर तर तिच्या तोंडून गुजरातीच निघायची. धापा टाकत तिनं विचारलं, “पप्पा, केटला थया?” त्यानं वेळ सांगितली, कालच्यापेक्षा चार सेकंद कमी. ती खूश होऊन कठड्यावर बसली, पाणी प्याली, आणि सहज म्हणाली की शारीरिक चाचणी झाल्यावर तोंडी प्रश्नही विचारतात म्हणे, काल ती पुस्तकात वाचत होती की जवानाला काही तक्रार असली तर ती कमांडिंग ऑफिसरकडं जाते, मग तो काय करतो ते मात्र पुस्तकात दिलं नव्हतं. योगराज तिच्या बाजूला बसला. कॅनॉलमध्ये पाणी कमी होतं, एक बाई पलीकडच्या काठावर गोधडी आपटत होती. त्यानं सांगायला सुरुवात केली तेव्हा आपण सांगणार आहोत हे त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं. सगळं सांगितलं, नावासकट. पल्लवीताई तिच्या ओळखीची होती. फौजेत जायचं खूळ हिच्या डोक्यात घातलं तेच मुळी त्या अक्रोडाच्या पिशव्यांनी. सोनालीनं मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी तिनं विचारलं, “खणात ठेवायला कुणी सांगितलं?” तो म्हणाला, साहेबांनी. “आणि तारीख कुणी घातली?” तो म्हणाला, मी. तिनं बुटाची नाडी सोडून परत बांधली. तिला विचारावं असं त्याच्या जिभेवर आलं होतं की मी हे लिहून दिलं तर तुझ्या भरतीचं काय, तू सांगशील तसं करतो. पण हा निर्णयही दुसऱ्याच्या गळ्यात टाकायला आपण निघालो आहोत हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्यानं तोंड मिटलं. ती उठली. “हजी एक राउंड मारी आवुं,” म्हणाली, आणि वेळ लावायला मोबाइल त्याच्याकडं न देता खिशात घालून पळत सुटली.

घरी न जाताच तो मोटरसायकलनं निघाला. पर्वत पाटिया चौक ओलांडून कडोदरा रोडला लागला तेव्हा ऊन चढायला लागलं होतं, आणि रविवार असूनही ट्रकांची रांग होती. लूमच्या शेडांमागं पत्र्याच्या खोल्यांची लांबलचक ओळ, त्यातल्या शेवटून तिसरीत पल्लवीचं घर. भिंतीपलीकडं माग चालू होते. तो आवाज कानाला ऐकू येण्याआधी दारात ठेवलेल्या हाताला कळला. पल्लवीचे वडील श्रीरंग बाजेवर बसून तंबाखू मळत होते, तीस वर्षं मागावर काढलेले यवतमाळकडचे गृहस्थ. आई रुक्मिणीनं पाणी आणलं आणि ती चुलीपाशी गेली. पल्लवी आता एका शाळेत मुलांना पी.टी. शिकवत होती. पूर्वीपेक्षा थोडी भरली होती, केस वाढवले होते. काका स्वतः आले याचं तिला फार अप्रूप वाटलं. तारखा बघितल्या का, तिनं विचारलं. तो म्हणाला, बघितल्या, एक चुकली आहे. तिनं लगेच कागद आणि पेन घेतलं.

“पंचवीस नाही,” तो म्हणाला. “चौदा. तू पत्र चौदा तारखेला दिलंस.”

ती हसली. समजूत घालावी तसं म्हणाली की नाही काका, पंचवीसच, रजिस्टर मी स्वतः पाहिलं होतं, तुम्हीच तर उघडून दाखवलं होतं. तो खोटेपणा तिनं इतका जपून ठेवला होता की आता खुद्द योगराजपासूनही ती तो वाचवत होती. योगराजनं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. त्यानं तिला सगळं क्रमानं सांगितलं: साहेब काय म्हणाले, खण, कुलूप, अकरा दिवस, मुख्यालयाचा फोन, आणि तो आकडा कुणाच्या हातचा. सांगताना त्याच्या लक्षात आलं की आपण माफी मागत नाही आहोत, आणि मागूही नये. माफी मागितली तर ही मुलगी ती देऊन टाकेल, आणि मग बोलणं तिथंच संपेल. म्हणून तो नुसतं सांगत राहिला. म्हणाला की हे सगळं मी माझ्या नावानं, माझ्या फौजी नंबरसकट लिहून देतो, उद्या तुझ्या कागदाबरोबर पाठव. समितीला हेही कळू दे की अर्ज कुणाच्या खणात जातो ते आधी बघा, कारण तो खण साहेबांच्या आवाजाच्या अंतरावर असला तर कायद्यात वर काहीही लिहिलेलं असो, उपयोग नाही. पल्लवी ऐकत होती की नव्हती ते कळत नव्हतं. पेन तिच्या हातात तसंच होतं.

“सोमवार होता का?” तिनं विचारलं.

“सोमवार. साडेनऊ वाजले होते. टोपी तू काखेत धरली होतीस.”

“आणि मी ते दिलं. तुमच्या हातात दिलं.”

“माझ्या हातात.”

तिनं पेन खाली ठेवलं. तिनं सांगितलं की ती खिडकी तिला स्वप्नातसुद्धा दिसते, आणि दर वेळी पत्र हातात असतं आणि हात उचलत नाही. शाळेत एखादं पोर काही सांगायला आलं आणि अडखळलं, तरी तिला तीच खिडकी आठवते. डॉक्टर झाले, समुपदेशक झाली, सगळ्यांनी समजावलं की भीतीनं हात उचलला नाही, यात तुझा काही दोष नाही. तिनं ते हळूहळू मान्यही केलं होतं. “आता काय मान्य करू?” ती म्हणाली. मग तिनं चेहरा ओंजळीत धरला आणि तशीच बसली, आणि योगराजनं तिच्याकडं बघायचं टाळलं नाही. एवढं तरी आपण केलं पाहिजे असं त्याला वाटलं.

श्रीरंगना काही पत्ता नव्हता. समोर दोन माणसं बोलताहेत, पोरगी रडते आहे, एवढं त्यांना दिसत होतं. तंबाखू तळहातावरच राहिली होती. मागावरच्या माणसाचे कान असतातच किती दिवस. पल्लवीनं डोळे पुसले आणि बापाकडं बोट केलं. ती म्हणाली, “बाबाले सांगा. डाव्या कानाशी, मोठ्यानं सांगा, काका. चार वर्षं झाली, ते मला एकच गोष्ट विचारतात.” कोणती गोष्ट ते त्याला विचारावं लागलं नाही: तेरा दिवस गप्प का होतीस? योगराज उठून बाजेपाशी गेला. त्याचं सगळं आयुष्य खाली मान घालून, हलक्या आवाजात, साहेबांना त्रास होऊ नये अशा बेतानं बोलण्यात गेलं होतं. ओरडायचं कसं हे त्याला पटकन आठवेना. पहिल्यांदा बोलला ते मागांच्या आवाजात विरून गेलं. मग तो वाकला आणि शेजारच्या खोल्यांतल्या बाया दारात आल्या इतक्या मोठ्यानं ओरडला, “हिनं पत्र दोन दिवसांत दिलं होतं! मी दाबून ठेवलं! तारीख मी खोटी घातली!”

श्रीरंगनी त्याच्याकडं बघितलं, मग त्या दारातल्या बायांकडं, मग चुलीपाशी उभ्या राहिलेल्या बायकोकडं. त्यांच्या तोंडावर राग यायला वेळ लागला, आणि तो आला तो योगराजवर आलाच नाही. हातातली तंबाखू त्यांनी बाजेखाली झटकून टाकली.

“मंग चार वर्सं म्या हिले काय इचारत होतो?” ते म्हणाले.

पल्लवी उठली, बापाच्या डाव्या बाजूला जाऊन बाजेवर टेकली, आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, “दोन दिवसांतच सांगतलं होतं, बाबा. म्या सांगतलं होतं.”